एसीची जाळी सैल पडली? चिकटवू नका, तिची पकड परत आणा

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी. गाडी आठ वर्षांची आहे. मधल्या एसी व्हेंटच्या आडव्या पट्ट्या वर केल्या की ब्लोअर तीनवर जाताच आपोआप खाली पडतात. ड्रायव्हरच्या बाजूचा व्हेंट खराब रस्त्यावर खडखडतो. सर्व्हिस सेंटरने ‘अख्खं सेंटर पॅनेलच बदलावं लागेल’ म्हणून काही हजारांचा आकडा सांगितलाय. हे घरी, स्वस्तात जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. शंभर रुपयांच्या आत आणि रविवारच्या एका सकाळीत होण्यासारखं काम आहे. पण आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण याच ठिकाणी बहुतेक लोक व्हेंट कायमचा बिघडवून बसतात. व्हेंटची पट्टी हलली पाहिजे आणि सोडली तिथेच थांबलीही पाहिजे. ही थांबण्याची ताकद पिन आणि भोक यांच्यातल्या घासणीतून येते. पट्टी सैल होते म्हणजे ती घासणी संपलेली असते. लोक मात्र फेविक्विक घेऊन थेट सांध्यात सोडतात. पट्टी थांबते खरी, पण मग ती कधीच हलत नाही, आणि कोणीतरी जोर केला की पिन मोडते. आपल्याला तिथे नेमकी तेवढी घासणी परत आणायची आहे. मी गाड्यांच्या आतलं काम, म्हणजे डॅशबोर्ड, वायरिंग, एसीची किरकोळ दुरुस्ती, बरीच वर्षं करतो. माझ्याकडे येणाऱ्या सैल व्हेंटपैकी बहुतेकांना नवा पार्ट लागत नाही.

सोलापुरात हा दोष किरकोळ समजून सोडू नका, असंही मी सांगेन. थंड हवा जड असते, ती खाली बसते. त्यामुळे मधल्या व्हेंटच्या पट्ट्या वरच्या दिशेला ठेवल्या तर थंड हवा छताखालून मागच्या सीटपर्यंत जाते आणि मग खाली उतरते. पट्ट्या खाली पडल्या की तीच हवा गिअरच्या दांड्यावर आणि तुमच्या गुडघ्यांवर आदळत राहते. मागे बसलेली मुलं, म्हातारी माणसं घामाघूम, आणि पुढे मात्र एसी ‘चांगला चाललाय’ असं वाटतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना तुळजापूरला किंवा अक्कलकोटला निघालात की हा फरक चांगलाच जाणवतो. ‘एसी कमी झालाय, गॅस भरा’ म्हणून आलेल्या गाडीत कधी कधी गॅस पुरेसा असतो, नुसत्या पट्ट्या पडलेल्या असतात.

आता व्हेंट आतून कसा असतो ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. समोर दिसतात त्या आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना साधारण दोन मिलीमीटर जाडीची प्लॅस्टिकची पिन असते, आणि ती चौकटीच्या भोकात बसते. या सगळ्या पट्ट्या एका बाजूला बारीक जोडपट्टीने एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एक हलवली की सगळ्या हलतात. त्यांच्या मागे उभी पाती असतात, हवा डावी-उजवी वळवायला. त्यांनाही अशीच पिन आणि जोडपट्टी असते. मधल्या पट्टीवर सरकणारी जी बारीक मूठ असते, तिच्या मागच्या बाजूला दोन बोटांचा काटा असतो. तो मागच्या एका पात्याला पकडून त्याला सरकवतो. सगळ्यात मागे हवा पूर्ण बंद करणारी झडप असते, कडेच्या चाकाने फिरणारी. बऱ्याच व्हेंटमध्ये कंपनीने एखाद्या पिनवर रबराचं किंवा फेल्टचं (दाबून केलेल्या जाड, मऊ कापडाचं) छोटं बूच घातलेलं असतं, पट्टी जागेवर राहावी म्हणून. हे बूच झिजतं किंवा निसटून आत पडतं.

जोडपट्टीमुळे तुमचं निम्मं काम वाचतं. सगळ्या पट्ट्या एकत्र हलत असतील तर सगळ्यांची पकड वाढवायची गरजच नाही. एक किंवा फार तर दोन पट्ट्यांची पकड वाढवली की उरलेल्या त्यांच्या आधाराने उभ्या राहतात. सगळ्याच घट्ट केल्या तर उलट मूठ इतकी जड होते की जोडपट्टी तुटते.

काहीही खोलण्याआधी बोटांनी तपासा. गाडी सावलीत उभी, ब्लोअर बंद. पट्ट्या वर करा आणि सोडा. ब्लोअर बंद असतानाही पडल्या तर पिनची पकड पूर्ण गेली आहे. बंद असताना थांबतात आणि जोराच्या हवेने पडतात, तुमच्यासारख्या, तर पकड थोडीच कमी झाली आहे. हे सगळ्यात सोपं काम. एकच पट्टी लोंबकळते आणि बाकीच्या ठीक आहेत, तर ती जोडपट्टीतून निसटली आहे किंवा तिची पिन मोडली आहे. मूठ सरकते पण हवा वळत नाही, तर मागचा काटा तुटलाय किंवा पातं निसटलंय. आणि पट्ट्या व्यवस्थित असून अख्खी चौकटच बोटाने दाबल्यावर हलते, तर दोष व्हेंटमध्ये नाही, त्याला डॅशबोर्डमध्ये धरून ठेवणाऱ्या क्लिपांमध्ये आहे. आवाजासाठी दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसून व्हेंटच्या चौकटीवर बोट दाबून धरा. आवाज थांबला तर व्हेंटच. नाही थांबला तर ग्लोव्ह बॉक्स, स्टिरिओची चौकट, काचेखालची जाळी असं एकेक दाबत जा.

पकड का जाते, हेही सांगायला हवं, नाहीतर दुरुस्त केलेला व्हेंट सहा महिन्यांत पुन्हा तसाच होईल. पहिलं कारण मोबाईलचा होल्डर. आजचा मोबाईल १८० ते २२० ग्रॅमचा, वर होल्डरचं वजन, आणि हे सगळं पट्टीच्या पुढे बोटभर लांब लोंबतं. प्रत्येक गतिरोधकावर तो सगळा भार दोन मिलीमीटरच्या पिनवर येतो. भोक हळूहळू गोलाचं लांबट होतं. तुमच्या गाडीत मधल्या व्हेंटवर होल्डर असेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरं, व्हेंटला अडकवायच्या अत्तराच्या बाटल्या. त्यातला द्रव प्लॅस्टिकवर ओघळला की एबीएससारख्या प्लॅस्टिकमध्ये, विशेषतः ताण असलेल्या जागी, केसासारख्या चिरा पडतात. पिनच्या मुळाशी ताण असतोच, म्हणून ती तिथेच तुटते. तिसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं: डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे. त्यातलं सिलिकॉन तेल पट्ट्यांच्या टोकांतून पिनवर उतरतं आणि जी घासणी हवी असते तीच घालवतं. वॉशिंग सेंटरमधून चकचकीत होऊन आलेल्या गाडीच्या पट्ट्या दुसऱ्याच दिवशी पडायला लागल्या, तर व्हेंट बिघडलेला नसतो, तेलकट झालेला असतो. साबणाच्या पाण्याने धुतला की काम झालं.

आणि चौथं आपलं ऊन. काच बंद करून दुपारी उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर सहज जातो. रोज तापणं आणि रोज थंड होणं यात प्लॅस्टिक फुगतं, आकसतं, आणि सांधा ढिला होतो. याला इलाज सावली आणि पुढच्या काचेला लावायचा पडदा, एवढाच.

आता काम. दोन रस्ते आहेत: व्हेंट न काढता, आणि काढून. तुमच्यासारख्या थोड्या सैल व्हेंटला मी आधी न काढताच करून बघायला सांगेन.

न काढता करायचं तर लागेल फेल्टचा पातळ तुकडा. शिवणकामाच्या किंवा हस्तकलेच्या साहित्याच्या दुकानात फेल्टचा कागद दहा-वीस रुपयांत मिळतो. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आपल्या गावात अशी दुकानं शोधावी लागत नाहीत. काळा घ्या, दिसणार नाही. आधी मऊ ब्रशने पट्ट्यांची धूळ काढा. मग पट्टीचं टोक आणि चौकट यांच्यात जी बारीक फट दिसते तिथे तीन-चार मिलीमीटर रुंदीची फेल्टची चिंधी चिमट्याने सरकवा. पट्टी वर-खाली करून बघा. फेल्ट पट्टीच्या टोकाला घासत राहतो आणि तिला धरून ठेवतो. एका बाजूने पुरलं नाही तर दुसऱ्या बाजूनेही. गोंद लावायचा नाही. फट अरुंद असली की फेल्ट स्वतःच अडकून राहतो. फट रुंद असेल तर फेल्टच्या मागे चांगल्या प्रतीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून तो चौकटीच्या बाजूला चिकटवा, पट्टीला नव्हे. स्टेशनरीतली स्वस्त फोमची टेप घेऊ नका. उन्हात तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि धूळ धरून बसतो.

यावर भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही. नाही भागलं तर व्हेंट बाहेर काढावा लागेल.

काढण्याआधी सुरक्षेचं बघा. भारतात नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशाची १ एप्रिल २०२१ पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांतही ती असते. प्रवाशाची एअरबॅग ग्लोव्ह बॉक्सच्या वर, डॅशबोर्डच्या आत असते, म्हणजे डाव्या व्हेंटच्या अगदी शेजारी. म्हणून चावी काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि दहा मिनिटं थांबा. आत पिवळ्या रंगाचा कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणाची तार दिसली तर ती एअरबॅगची समजा. तिला हात लावू नका, ओढू नका, टेस्ट लॅम्पने तपासू नका. घड्याळ आणि स्टिरिओचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, तेवढं चालतं. काही स्टिरिओ बॅटरी काढल्यावर कोड मागतात; गाडीच्या कागदांत तो आहे का ते आधी बघून ठेवा.

व्हेंटभोवती मास्किंग टेप लावा, ओरखडे पडणार नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. प्लॅस्टिकचं उचकटणं मिळतं, पन्नास-शंभर रुपयांत पाच-सहा आकारांचा सेट येतो. नसेल तर जुनं एटीएम कार्ड आणि आईस्क्रीमची लाकडी काडी घ्या, काडीला टेप गुंडाळा. कडेचे व्हेंट बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपांवर असतात, एका कोपऱ्यातून हळूहळू उचलत गेलं की टक् टक् करत सुटतात. मधले दोन व्हेंट बऱ्याचदा स्टिरिओच्या चौकटीबरोबर एकाच पॅनेलमध्ये असतात. तिथे एखादा स्क्रू लपलेला असतो, स्टिरिओच्या खाली किंवा झाकणाच्या मागे. क्लिप सुटत नाही म्हणजे जोर कमी पडतोय, असं समजू नका. आधी स्क्रू शोधा. तुमच्या मॉडेलचं पॅनेल काढतानाचा एखादा व्हिडिओ आधी बघितला तर क्लिपांच्या जागा कळतील. पॅनेल सुटलं की झटक्यात ओढू नका, मागे धोक्याच्या दिव्यांच्या स्विचची तार असते. तिचा खटका दाबून कनेक्टर सोडवा आणि सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, प्लॅस्टिक कडक असतं आणि क्लिप काचेसारखी तुटते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हे काम करायचं तर आधी गाडी तासभर उन्हात ठेवा. उलट मे महिन्यात भर दुपारी करू नका, मऊ पडलेल्या क्लिपा वाकतात. प्लॅस्टिक हाताला कोमट लागेल अशी वेळ चांगली.

व्हेंट हातात आला की आधी धुवा. ही पायरी कोणी गाळू नये. कोमट पाणी, गाडी धुवायच्या शांपूचे दोन थेंब, जुना दात घासायचा ब्रश. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या पिनांभोवती सुताची बारीक धूळ तेलकट होऊन गुंडाळलेली सापडते. ती काढली नाही तर पुढचं काहीच टिकत नाही. पेट्रोल, थिनर लावू नका, एबीएस विरघळतं. गंज सोडवायचा स्प्रे किंवा खोबरेल तेल तर अजिबात नको. आपल्याला गुळगुळीतपणा नकोच आहे. धुवून झाल्यावर पूर्ण वाळू द्या.

मग पट्टी बाहेर काढायची. पट्टीचा मधला भाग अंगठ्याने हळूच बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकवा, एका टोकाची पिन भोकातून सुटते. जोडपट्टीतून मात्र तिला आधी मोकळी करा.

पिन शाबूत आणि भोक ढिलं, हा नेहमीचा प्रकार. याला माझी पहिली पसंती नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप. प्लंबिंगच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांत रीळ मिळतं, जन्मभर पुरेल. बारा मिलीमीटर रुंद टेपचा तीन-चार मिलीमीटरचा पट्टा कापा, ताणून पातळ करा आणि पिनवर एक किंवा दीड वेढा घट्ट द्या. टेप जाडीला मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढीच असते, म्हणून एका वेढ्याने पिन थोडीशीच जाड होते, आणि नेमकं तेवढंच हवं असतं. पिन भोकात दाबून बसवा. टेप स्वतः निसरडी असली तरी दाबून बसल्यामुळे पट्टी हळू, एकसारखी फिरते आणि थांबते. नव्या गाडीच्या व्हेंटला जो मखमली जडपणा असतो, तो बऱ्याच अंशी परत येतो. पट्टी बसवताना टेप गोळा होऊन मागे सरकली तर वेढा काढून पुन्हा द्या, तशीच दाबू नका.

पट्टी रुंद आणि जड असेल तर टेफ्लॉन कमी पडतं. तिथे पिनचाच व्यास वाढवायचा. फेविक्विकचा एक थेंब कागदावर घ्या, टाचणीच्या टोकाने पिनवर पातळ थर फिरवा आणि पिन हवेत धरून पूर्ण वाळू द्या. घाई नको, तासभर तरी. वाळल्याची खात्री झाल्याशिवाय भोकाजवळ नेऊ नका. मग बसवून बघा. जास्त घट्ट वाटली तर बारीक पॉलिश पेपरने दोन-तीन फेरे घासा, कमी वाटली तर अजून एक थर. इथे फेविक्विक चिकटवायला वापरत नाही आपण, पिनवर नवी साल चढवायला वापरतो. हे काम मोकळ्या हवेत आणि काळ्या दर्शनी भागापासून दूर करा. त्याच्या वाफेने काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी पुटं चढतात आणि ती सहज निघत नाहीत.

एक अडचण येऊ शकते. सगळी प्लॅस्टिकं फेविक्विक धरत नाहीत. पार्टच्या मागच्या बाजूला दोन बाणाच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचं नाव इंग्रजी अक्षरांत उठवलेलं असतं. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर थर पक्का बसतो. पीपी, पीई किंवा पीओएम असेल, हाताला मेणचट लागतं ते, तर थर सालीसारखा निघून येतो. जोडपट्ट्या आणि काटे बऱ्याचदा पीओएमचे असतात. तिथे टेफ्लॉन किंवा फेल्टच बरं.

पिन मोडली असेल तरी पट्टी फेकू नका. मोडलेल्या जागी टोक सपाट करा. एक मिलीमीटरचं बारीक ड्रिल बोटांनी फिरवत पट्टीच्या टोकात चार-पाच मिलीमीटर खोल भोक पाडा. ड्रिल नसेल तर कागदाला लावायच्या क्लिपची तार पक्कडीत धरून मेणबत्तीवर तापवा आणि सरळ रेषेत हळूच आत ढकला. दोन्ही हातांनी नीट धरा, तिरकी गेली तर पट्टी वाकडी फिरेल. क्लिपची तार साधारण एक मिलीमीटर जाडीची असते. तिचा आठ-नऊ मिलीमीटरचा तुकडा आत बसवा आणि मुळाशी अ‍ॅरल्डाइटचा कणभर ठिपका द्या. रात्रभर ठेवा. मूळ पिन दोन मिलीमीटरची होती, आपली तार एकची; म्हणून वरून बारीक हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा आणि लायटर लांबूनच दाखवा, किंवा सोललेल्या वायरचं रबरी आवरण घाला. या आवरणाचा दुहेरी फायदा असा की तेच पकडही देतं. अशी पिन मूळ पिनेपेक्षा जास्त टिकते, हे मी खात्रीने सांगतो.

मुठीचा काटा तुटला असेल तर काम कष्टाचं आहे. काट्याचं एक बोट शाबूत असेल तर मोडलेल्या बोटाच्या जागी पातळ पितळी किंवा स्टीलची तार यू आकारात वाकवून अ‍ॅरल्डाइटने बसवता येते. दोन्ही बोटं गेली असतील तर मागची पाती तुम्हाला हव्या त्या दिशेला ठेवा आणि त्यांच्या एका पिनवर टेफ्लॉन द्या, म्हणजे ती तशीच राहतील. तेवढ्यावर वर्षानुवर्षं काम भागतं. मूठ सैल होऊन पट्टीवर नुसती घसरत असेल, तर तिच्या आतल्या बाजूला फेल्टचा तांदळाएवढा तुकडा दाबून बसवा.

गोल व्हेंटचं तंत्र वेगळं. २०१८ च्या स्विफ्टसारख्या गाड्यांत मधले व्हेंट गोल आहेत. यात अनेकदा आतला गोळा किंवा चकती चौकटीच्या खोबणीत फिरते आणि पूर्ण व्हेंटच गरगर फिरून तोंड खाली करतो. इथे पिन शोधू नका. गोळा आणि चौकटीच्या मधल्या खोबणीत फेल्टची लांब पातळ पट्टी पाव वर्तुळापुरती घाला. पूर्ण वर्तुळ भरलं तर फिरणारच नाही.

खडखडाटाचं काम त्यामानाने झटपट आहे. कडेचा व्हेंट बाहेर काढा, क्लिपांची टोकं बघा. क्लिप शाबूत असेल तर तिच्यावर कापडी टेपचा किंवा फेल्टचा एक पदर चिकटवा आणि परत बसवा, आवाज गेला. क्लिप तुटली असेल तर चौकटीच्या मागच्या काठाला फेल्टच्या दोन-तीन पट्ट्या लावून व्हेंट दाबून बसवता येतो. एम-सीलने नवी क्लिप घडवायचा प्रयत्न करू नका, ते कडक आणि ठिसूळ असतं, वाकत नाही. व्हेंट बाहेर असतानाच मागच्या डक्टच्या, म्हणजे हवा आणणाऱ्या नळाच्या, तोंडावरचा फोम बघून घ्या. जुन्या गाडीत तो भुगा होऊन गेलेला असतो, आणि मग निम्मी थंड हवा डॅशबोर्डच्या पोटात जाते. दार-खिडक्यांच्या फटींना लावायची फोमची पट्टी तिथे चिकटवा. खर्च नगण्य, आणि गारवा वाढलेला तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. व्हेंटमधून काळे भुग्यासारखे कण चेहऱ्यावर येत असतील, तर तो फोम व्हेंटचा नाही. आत एसीच्या खोक्यात गरम-थंड हवा वळवणाऱ्या झडपेचा आहे. ते घरचं काम नव्हे.

ग्लू गनबद्दल वेगळं सांगतो, कारण हल्ली घरोघरी ती असते आणि मुलं शाळेच्या प्रकल्पांना वापरतात. ती काडी वितळून लागते, आणि डॅशबोर्डच्या उन्हातल्या तापमानाला पुन्हा मऊ पडते. डिसेंबरमध्ये लावलेला ग्लू एप्रिलमध्ये सुटलेला मी सतत बघतो. फेविक्विकचा सांधाही ८० अंशांच्या आसपास कमजोर होतो, म्हणून वजन पेलणारा जोड त्याच्यावर सोडू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडू नका, आधी तक्रार नोंदवा. व्हेंट मोटरवर चालणारे असतील, तरीही घरी नको. आणि चौकटीचं भोकच फुटून कडा तुटली असेल तर पार्ट बदलणं बरं. तेव्हाही लगेच अख्खं पॅनेल मान्य करू नका. व्हेंटच्या मागे पार्ट नंबर उठवलेला असतो. तो फोटोत घ्या आणि स्पेअरच्या दुकानात नुसता व्हेंट सुटा मिळतो का, ते विचारा. अनेक मॉडेलमध्ये मिळतो. जुन्या गाड्या फोडणाऱ्यांकडेही तोच व्हेंट पडलेला असतो. घेताना डावा-उजवा नीट बघा, आणि पिना तिथेच हलवून तपासा, कारण तोही तितक्याच वर्षांचा असतो.

सगळं परत बसवताना क्रम उलटा: कनेक्टर, पॅनेल, स्क्रू, शेवटी बॅटरी. पॅनेल दाबण्याआधी धोक्याचे दिवे लागतात का बघा, नाहीतर पुन्हा काढावं लागतं. मग ब्लोअर पूर्ण वेगाने लावून पट्ट्या सगळ्यात वर ठेवा. त्यानंतर गाडी एक पूर्ण दुपार उन्हात उभी करा आणि संध्याकाळी हीच तपासणी पुन्हा करा. उन्हातून निघूनही थांबत असेल तर काम पक्कं.

तुमच्या गाडीसाठी माझा सल्ला असा राहील. होल्डर आज काढा आणि डॅशबोर्डवर किंवा काचेवर बसणारा घ्या. या रविवारी मधल्या व्हेंटच्या सगळ्यात वरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी फेल्ट सरकवा, पॅनेलला हात न लावता. ड्रायव्हरच्या बाजूचा व्हेंट मात्र बाहेर काढाच. क्लिपांना कापडी टेप आणि डक्टला फोम, दोन्ही एकदमच करून टाका. मधल्या पट्ट्या त्यानंतरही तीनवर पडल्या, तर टेफ्लॉनची पाळी. आणि सर्व्हिस सेंटरला ते पॅनेल सध्या मागवू नका, एवढं कळवून ठेवा.